अण्णांच्या पाण्याचा रिपोर्ट

पुणे,
रविवार

प्रिय दिलीप,
स. न. वि. वि.

अण्णांच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याचा (सीएसएफचा) रिपोर्ट आणि मेंदूचा एमआरआय दोन्ही नीट पाहिले. 'बीटा अमायलॉइड ४२ कमी' (हे मेंदूत तयार होणारं एक प्रथिन) या ओळीखाली कुणीतरी पेनाने 'अल्झायमर?' असं लिहिलंय. त्यातलं प्रश्नचिन्ह घरात कुणी वाचलेलं दिसत नाही. आधी ते वाचा. एवढ्या एका आकड्यावर अल्झायमरचं निदान होत नाही. तू फोनवर जे सांगितलंस, म्हणजे आधी चाल बिघडली, मग लघवी आवरेना आणि विसरणं सगळ्यात शेवटी आलं, तो क्रम तर अल्झायमरचा नाहीच. त्यात साधारणपणे आधी स्मरणशक्ती जाते आणि पाय बरेच दिवस साथ देतात.

मला शंका आहे ती नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसची, एनपीएच म्हणतात ती. म्हणजे मेंदूत पाणी साचतं, पण दाब नॉर्मलच दिसतो. बोगोटाच्या डॉ. सालोमोन हाकिम यांनी १९५७ साली अपघातानंतर भान हरपलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या मणक्यातलं थोडं पाणी तपासणीसाठी काढलं आणि मुलगा सुधारला. दाब तर नॉर्मल होता. १९६५ मध्ये त्यांनी हा आजार रीतसर मांडला.

तू पाटबंधारे खात्यात जन्म काढलास, तेव्हा हिशेब तुला पटकन कळेल. मेंदू आणि मणक्यात मिळून पाणी असतं साधारण १५० मिली. आवक ताशी २० मिली, म्हणजे दिवसाला ५०० मिलीच्या आसपास. तेवढंच रोज शोषलं जातं. एनपीएचमध्ये हा निचरा मंदावतो आणि मेंदूतल्या पोकळ्या फुगतात.

आता ४२ चा आकडा. अल्झायमरमध्ये अमायलॉइड ४२ मेंदूतच गाठी धरून बसतं, म्हणून पाण्यात कमी उतरतं. त्याचं भावंड अमायलॉइड ४० मात्र नेहमीसारखंच येत राहतं, आणि टाऊ व फॉस्फो-टाऊ ही मेंदूच्या पेशींतली प्रथिनं वाढतात. एनपीएचमध्ये मेंदूच्या पेशींमधून पाण्यात उतरणारा मालच एकूण कमी होतो. ४२ कमी, ४० कमी, टाऊही कमी किंवा नॉर्मल. एकाच चारीचं पाणी घटलं तर तू त्या चारीवर अडथळा शोधशील. सगळ्याच चाऱ्या घटल्या तर मुख्य कालव्याकडे बघशील. तसंच हे. अण्णांचे दोन्ही टाऊ नॉर्मल आहेत, आणि ४० तर तपासलेलंच नाही.

म्हणून ४२ ला ४० ने भागून येणारं गुणोत्तर हवं. समज ४२ आलं ४२० आणि ४० आलं ५,०००, तर गुणोत्तर ०.०८४. तेच ४२० राहिलं आणि ४० आलं १०,०००, तर ०.०४२. वरचा आकडा तोच, अर्थ उलटा. ल्युमिपल्स नावाच्या किटवर ०.०७३ किंवा जास्त म्हणजे अमायलॉइड नाही, ०.०५८ किंवा कमी म्हणजे आहे, मधलं 'असावं' असं धरतात. किट बदललं की सीमाही बदलते, तेव्हा लॅबला किटचं नाव विचार. न्यूरोफिलामेंट लाइट या, मेंदूच्या पेशींची झीज दाखवणाऱ्या तपासणीचा जादा खर्च मात्र यासाठी करू नकोस. ते दोन्ही आजारांत वाढतं.

आणखी एक शंका आहे, ती नळीची. अमायलॉइड ४२ फार चिकट. काचेच्या किंवा पॉलिस्टायरीनच्या नळीत घेतलं की भिंतीला चिकटून बसतं आणि आकडा खोटाच खाली येतो. पॉलिप्रॉपिलीनची, शक्यतो 'लो-बाइंड' नळीच हवी. ती बरीचशी भरलेली हवी, कारण थोडं पाणी मोठ्या नळीत घेतलं की भिंतीचा वाटा वाढतो. पाणी सुईतून थेट नळीत ठिबकू द्यायचं, या नळीतून त्या नळीत ओतायचं नाही. प्रत्येक ओतण्यात थोडं ४२ गळतं. सुरुवातीला रक्ताचा अंश आला तर ते थेंब वेगळे ठेवायचे. अण्णांच्या वेळी नळी कोणती होती, हे कागदावर कुठेच नाही. उद्या सकाळी लॅबला फोन करून दोन गोष्टी विचार: नळी कोणती होती, आणि उणे ८० अंशांवर नमुना शिल्लक आहे का? असेल तर ४० त्यातूनच निघेल.

पाणी दुसऱ्यांदा काढावं लागणारच आहे, पण ते टॅप टेस्टसाठी, म्हणजे बरंच पाणी काढून चाल सुधारते का ते बघण्यासाठी. मागच्या वेळी फक्त ८ मिली काढलंय. टॅप टेस्टला ३० ते ५० मिली लागतं. कुणी १० मिली काढून 'फरक नाही' म्हणालं तर ती टॅप टेस्ट झालीच नाही असं समज. आकडा ऐकून आईंना धसका बसेल. त्यांना सांग, ४० मिली शरीर दोन तासांत पुन्हा तयार करतं. सुई कंबरेत, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. अण्णांची रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे, तिचं आधी डॉक्टरांना सांग. ती साधारण आठवडाभर आधी थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी परस्पर बंद करू नका. प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आदल्या दिवशी करून घ्या.

खरं काम सुईच्या आधी आणि नंतर आहे. दहा मीटर अंतर टेपने मोजून फरशीवर खडूने खुणा करा. तेवढं चालायला किती सेकंद, किती पावलं? मग खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून, परत बसायला किती वेळ? दोन्ही दोनदा. नंतर मोजताना चप्पल तीच, काठी तीच. पाणी काढल्यावर दोन ते चार तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजा. इथेच बहुतेक घोळ होतो. अर्ध्या तासात दोन पावलं चालवून पेशंटला घरी पाठवतात, आणि फरक दिसतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, बाथरूमला जाताना. वेळ १० ते २० टक्क्यांनी कमी झाला तर तो फरक धरतात. फरक पडला तर शंटचा, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या, आत कायम बसवलेल्या नळीचा, फायदा होण्याची शक्यता चांगली. नाही पडला तरी दार बंद होत नाही. मग अ‍ॅडमिट करून तीन दिवस बारीक नळीने ताशी ५ ते १० मिली पाणी काढून बघतात.

एमआरआयवर 'वयानुसार मेंदू आकसला' असं छापलंय. पोकळीची रुंदी भागिले कवटीची आतली रुंदी, हा इव्हान्स इंडेक्स ०.३ च्या वर गेला की पोकळी मोठी धरतात. अण्णांचा ०.३६ आहे. पण मेंदू नुसता आकसला तरी हा वाढतो, तेव्हा एवढ्यावर जाऊ नकोस. माथ्याजवळच्या खाचा बघ. आकसलेल्या मेंदूत त्या रुंद असतात. अण्णांच्या चिकटून बसल्यात, आणि कानाकडच्या खाचा मात्र फुगल्यात. हे चित्र एनपीएचकडे बोट दाखवतं. कॅलोसल अँगल, म्हणजे दोन बाजूंच्या पोकळ्यांमधला कोन, ९० अंशांपेक्षा कमी आहे का, तेवढं रेडिओलॉजिस्टकडून मोजून घे.

दरम्यान बी-१२, थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) रक्तातून करून घे. शाकाहारी माणूस, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल, म्हणजे बी-१२ तळाला गेलेलं असू शकतं. लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन चालू असेल तर डॉक्टरांना जरूर दाखव. त्या गोळीनेच म्हाताऱ्या माणसाचा विसरभोळेपणा वाढतो, हे विचारायचं राहून जातं. पाण्यातल्या पेशी, प्रथिनं, साखर नॉर्मल आहेत, ते बरं झालं. पेशी आणि प्रथिनं वाढून साखर उतरली असती तर टीबीचा विचार आधी करावा लागला असता.

शंटबद्दल आईंना आशा दे, पण मोजून दे. २०२५ मध्ये ९९ पेशंटांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांना शंट बसवला, पण निम्म्यांचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवला. तीन महिन्यांत उघड्या शंटवाल्यांची चाल स्पष्ट सुधारली. स्मरणशक्ती आणि लघवीत तसा फरक दिसला नाही. पाणी जास्त निघालं तर मेंदूभोवती रक्त साचण्याचा धोका असतो, म्हणून बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह मिळाला तर बरा. मात्र पुढे कधीही एमआरआय झाला की त्याची सेटिंग तपासून घ्यायची. आणि गुणोत्तर अल्झायमरकडे झुकलं, तरी शंटचा विषय संपत नाही. दोन्ही आजार एकत्रही असतात, आणि तेव्हाही चाल सुधारू शकते.

चालण्याचा व्हिडिओ आजच काढून पाठव. फोन गुडघ्याच्या उंचीवर धर, चेहरा नाही आला तरी चालेल. अण्णांना पूर्ण मागे वळायला किती पावलं लागतात, ते मला मोजायचंय.

आईंना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत