लोकांना विचारले कोणी?

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याच्या लग्नावरचा कालचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. प्रजेला ते लग्न मान्य नव्हते म्हणून राजाला गादी सोडावी लागली, असे लेखकमहाशय ठोकून देतात. प्रजेला विचारले होते कोणी? ब्रिटनच्या वर्तमानपत्रांनी आपसांत ठरवून तोंड मिटले होते. राजाला जिच्याशी लग्न करायचे होते त्या वॅलिस सिम्प्सन यांना २७ ऑक्टोबर १९३६ ला इप्सविचच्या कोर्टात घटस्फोटाचा हुकूम मिळाला, अमेरिकेतले पेपर रकाने भरभरून लिहीत होते, पण लंडनच्या माणसाला पत्ता नाही. पेपरांनी तोंड उघडले ३ डिसेंबरला आणि १० ला राजाने गादी सोडण्याच्या कागदावर सही केली. सात दिवस! त्या दिवसांत राजवाड्याबाहेर 'आम्हाला आमचा राजा हवा' म्हणणारे लोक जमले होते, ते प्रजा नव्हते का? लग्न होऊ द्यावे पण तिला राणीपद देऊ नये, हा तोडगा पंतप्रधान बाल्डविन यांचे मंत्रिमंडळ आणि वसाहतींचे पंतप्रधान यांनीच मोडीत काढला. चर्चिल यांनी राजासाठी थोडा वेळ मागितला, तर संसदेच्या सभागृहाने त्यांना ओरडून खाली बसवले.

मला हे इतके का लागले, तेही सांगते. १९७४ साली माझ्या मावशीचे लग्न एका घटस्फोटित गृहस्थांशी ठरले. मी तेव्हा चौथीत होते. पोर्तुगिजांनी घटस्फोटाचा कायदा केला १९१० मध्ये, म्हणजे गोव्यात ती गोष्ट नवी नव्हती. आमच्याकडे लग्नाच्या नोंदीसाठी रजिस्ट्रारकडे दोनदा सह्या कराव्या लागतात; त्यातली पहिली सही झाली. दुसऱ्या सहीच्या आधी आजोबांना निरोप आला, 'गांव म्हणटा, हें बरें न्हय.' सही झालीच. पण त्या वर्षी शिगम्याचा मेळ, म्हणजे ढोल वाजवत घरोघरी फिरणारा जथा, आमच्या अंगणात आला नाही. आजी अंगण सारवून, समई लावून बसली होती. ढोल शेजारच्या घरी वाजले आणि पुढे गेले. मावशी बेळगावला गेली, ती आजीच्या बाराव्यालाच परत आली. पुढे वाड्यावरच्या कितीतरी बायका मला म्हणाल्या, 'आमकां कोणें विचारलें?' गाव म्हणजे देवळाच्या चौकात बसणारी चार माणसे होती, हे मला तेव्हा कळले.

चार्ल्स आणि कॅमिला, दोघेही घटस्फोटित, २००५ मध्ये लग्न करून आज राजा-राणी आहेत. आभाळ कोसळलेले नाही.

लेखात बाल्डविनना नाव आहे, बिशपना नाव आहे, आणि वॅलिसबाई मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'ती घटस्फोटिता'. याला मी तुम्हालाही जबाबदार धरते. तुमच्या रविवारच्या वधू-वर पानावर घटस्फोटित मुलींच्या जाहिराती सगळ्यात खाली, वेगळ्या चौकटीत छापता. मुलग्यांच्या मात्र इतरांच्या रांगेतच असतात. ती चौकट येत्या रविवारपासून काढा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली