कंबरेच्या गोळीबद्दल सुधीरला पत्र

सोलापूर,
दि. २१ जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तू स्ट्रिपचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'या गोळीने बरं वाटतंय, आणखी पंधरा दिवसांच्या घेऊन ठेवतो.' ते वाचल्यापासून जीवाला स्वस्थता नाही. दुकानात संध्याकाळची गर्दी होती, फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंच. आज शटर ओढलं आणि काउंटरवरच लिहायला बसलो. हे पत्र वहिनींनाही वाचायला दे.

तुझ्या गोळीत दोन औषधं आहेत. एसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, म्हणजे दुखणं आणि सूज कमी करणारं, आणि थायोकोल्चिकोसाइड ४ मिलिग्रॅम, म्हणजे आखडलेला स्नायू सैल करणारं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर पाच दिवस लिहिले होते असं तूच म्हणालास. आज बारावा दिवस. मधल्या सात दिवसांच्या गोळ्या तुला चिठ्ठीशिवाय मिळाल्या, याचं मला फार वाईट वाटतं. मीही याच धंद्यात आहे, म्हणून जास्तच.

यातल्या थायोकोल्चिकोसाइडबद्दल युरोपच्या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट मर्यादा घालून दिली. तोंडावाटे घ्यायचं तर दिवसाला जास्तीत जास्त १६ मिलिग्रॅम आणि तेही सात दिवसांच्या वर नाही. इंजेक्शन असेल तर पाचच दिवस. सोळा वर्षांखालच्या मुलांना नाही, गरोदर बाईला नाही, अंगावर पाजणारीला नाही. कारण असं, की शरीरात या औषधापासून जो एक पदार्थ तयार होतो, तो वाढणाऱ्या पेशींमधल्या गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, असं प्रयोगांत दिसलं. म्हणजे एक गोळी घेतली आणि संकट कोसळलं असं नाही. पण 'बरं वाटतंय' म्हणून महिना महिना चालू ठेवायचं हे औषधच नव्हे. आणि ऐक, याच ब्रँडची ८ मिलिग्रॅमचीही गोळी येते. पाकीट तेच, नाव तेच, आकडा वेगळा. चष्मा लावून आकडा वाच.

मोनाली बाळंतपणाला आली आहे ना? तिची कंबर दुखतेय म्हणून तुझ्यातली एक गोळी तिला कुणी देऊ नये, एवढ्यासाठीच मी वहिनींना पत्र दाखव म्हटलं. ती स्ट्रिप आजच तिच्या नजरेआड कर.

आता आईचं सांगतो. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि मनगट मोडलं, एवढंच तुला माहीत आहे. कशामुळे पडली ते मी कुणाला फारसं सांगितलं नाही. तिची मान धरली होती, एका डॉक्टरांनी टिझानिडिन दिलं, तेही स्नायू सैल करणारंच, २ मिलिग्रॅम, रात्री एक. आठवड्याने लघवीला जळजळ सुरू झाली. मी माल आणायला गेलो होतो, तेव्हा बायको तिला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथून सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मिळालं. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर. पण एकत्र अजिबात चालत नाहीत. टिझानिडिन शरीरातून बाहेर काढण्याचं काम यकृतातलं जे एन्झाइम करतं, त्यालाच सिप्रोफ्लॉक्सासिन अडवून धरतं आणि रक्तातलं टिझानिडिन सुमारे दहा पट वाढतं. रक्तदाब धाडकन खाली येतो. पहाटे ती उठून न्हाणीघरात गेली, दोन पावलं टाकली, 'घर फिरलं' म्हणाली आणि कोसळली.

नंतर मी तिचा गोळ्यांचा स्टीलचा डबा काउंटरवर उलटा केला. कात्रीने कापलेले चार-चार गोळ्यांचे तुकडे. एकावर नुसतं 'निडिन' उरलेलं, आधीची अक्षरं दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेली. एकावर तारीखच नाही. असे तुकडे मी रोज शंभर जणांना कापून देतो. त्या दिवसापासून नाव ज्या बाजूला आहे ती बाजू गिऱ्हाइकाकडे जाईल असं बघतो, नाहीतर पुडीवर पेनाने नाव लिहून देतो. आणि कंबरेची गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, दुसरं काय चालू आहे? लोक चिडतात. चिडू देत.

तुलाही तेच विचारतो बे. बीपीची गोळी घेतोस हे डॉक्टरांना सांगितलंस का? एसिक्लोफेनॅकसारखी दुखण्याची औषधं बीपी वाढवू शकतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि उपाशीपोटी घेतली तर पोटात आग. दोन घास खाऊनच घ्यायची. अंगदुखीसाठी वरून आणखी कुठली दुखण्याची गोळी नको. आपल्याकडे एका गोळीत तीन-तीन औषधं भरलेली असतात, त्यात पॅरासिटामॉल ३२५ आधीच असतं, आणि लोक वरून ६५० ची वेगळी घेतात. क्लोरझोक्साझोन हे स्नायू सैल करणारं औषध असलेली गोळी असेल तर यकृताकडे आणखी लक्ष. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर गोळी बंद आणि सरळ डॉक्टर.

एक गोष्ट मला वीस वर्षं लोकांना समजावून सांगावी लागते. ही गोळी कंबरेत जाऊन गाठ सोडवत नाही. स्नायू सैल करणाऱ्या औषधांपैकी बहुतेक मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात, स्नायूला जाणारा 'आवळून धर' हा निरोपच सौम्य करतात. म्हणूनच त्यांनी गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, कुणाला चक्कर येते. कुणाला जास्त, कुणाला कमी. तू चाकणला मशीनवर उभा राहतोस, रात्रपाळी करतोस, बाइकवर येतोस जातोस. नवीन गोळीचा पहिला डोस रात्री घरी घे आणि सकाळी कसं वाटतं ते बघ, मगच गाडीला किक मार. गोळी चालू आहे तोवर दारू पूर्ण बंद. सर्दीच्या गोळ्या, झोपेची गोळी, खोकल्याचं गुंगी आणणारं सिरप, सगळं डॉक्टरांना विचारून. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

सासऱ्यांना अर्धांगवायूनंतर बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारं औषध चालू आहे ना? माझं पत्र वाचून ते कुणी थांबवू नका. ते वेगळ्या कारणासाठी, बरेच दिवस घ्यायचं असतं आणि एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात, माणूस भ्रमात बोलायला लागतो. कमी करायचं तर डॉक्टर सांगतील तसं, हळूहळू.

मग गोळीचा उपयोग काय? उपयोग आहे, चांगला आहे. उसण भरल्यावर पहिले दोन-तीन दिवस माणूस कूस बदलू शकत नाही. तेवढ्या दिवसांत ती झोप देते, हालचाल करू देते. ती सुटका मिळाली की तिचा फायदा घ्यायचा. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, पिंपं भरताना मलाही दोनदा उसण भरली आहे. पहिल्या वेळी मी आठ दिवस आडवा पडून राहिलो आणि बरा व्हायला महिना लागला. दुसऱ्या वेळी चौथ्या दिवसापासून घरातल्या घरात चालायला लागलो, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं, आणि दोन आठवड्यांत दुकानात उभा राहिलो. उठताना सरळ कमरेत उठू नकोस. कुशीवर वळ, पाय खाली सोड, हाताने रेटा देऊन बस. पाठीवर झोपलास तर गुडघ्यांखाली आपली सोलापुरी चादर चौघडी करून ठेव. आणि टॉवेल गरम पाण्यात बुडवून, घट्ट पिळून कंबरेवर पंधरा मिनिटं. मनगटाच्या आत लावून बघ, चटका बसेल एवढा गरम नको.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत माझ्या काउंटरवर कितीतरी जण येतात. यंत्रमागावर बारा तास उभे राहणारे, विड्या वळताना दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या बायका, यात्रेतल्या नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलून खांदे आखडलेली पोरं. प्रत्येकाला उद्या कामावर जायचं असतं. त्यांना दोष देववत नाही. पण गोळीने दुखणं दबलं म्हणून तोच भार पुन्हा उचलला, की महिन्याभरात ते पुन्हा दारात. तूही चाकणला सुपरवायझरशी बोल, दोन आठवडे तरी वाकून उचलायचं काम दुसऱ्याकडे दे. हे तू लाजून टाळशील, म्हणून आग्रहाने लिहितोय.

आणि यातलं काही झालं तर गोळी-बिळी सोडून रात्री-अपरात्री सुद्धा थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं: लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं, पाऊल उचलेना झालं, तापासकट पाठ दुखायला लागली. तिथे तास मोजायचे असतात, दिवस नाहीत.

बारा दिवसांनंतरही गोळीशिवाय चालवत नसेल, तर दुखण्याचं कारण दुसरं असू शकतं. उद्याच त्या डॉक्टरांकडे जा. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून ने, बीपीची, आयुर्वेदिक चूर्णाची डबीसुद्धा. किती दिवस घेतल्यास ते खरं सांग. नव्या पंधरा दिवसांच्या गोळ्या विकत घेऊ नकोस.

रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने भाचा पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दोन जाड टॉवेल पाठवतो, शेकायला. आई रोज तुझी चौकशी करते, आता तिचं मनगट वळतं, पोळ्या लाटते. डॉक्टर काय म्हणाले ते कळव. दुकान नऊला बंद होतं, त्यानंतर कितीही वाजता फोन कर.

तुझाच,
नंदू