एकसरच्या वाड्यांचा शोध: आठवणी आणि मदतीसाठी वाचनालयाचं आवाहन

नमस्कार मंडळी,

मेट्रोत बसलं की ही नावं रोज कानावर पडतात: कांदरपाडा, मंडपेश्वर, एकसर, शिंपोली, डहाणूकरवाडी. आपल्या मुलांना ही स्टेशनं ओळीने पाठ आहेत. पण वाचनालयात बालवाचकांना विचारलं की वाडी म्हणजे काय, तर एका मुलीने लगेच सांगितलं, "सोसायटीचं नाव." तिचं काही चुकलं नाही. तिने पाहिलेल्या सगळ्या वाड्या सोसायट्याच आहेत; फळझाडांची आणि विहिरीची वाडी तिने पाहिलेलीच नाही.

म्हणून जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी आम्ही बोरिवली पश्चिमेच्या एकसर, वजिरा, बाभई आणि शिंपोली भागात 'वाड्यांचा खजिना शोध' हा खेळ ठेवतो आहोत. पाच-पाच जणांचे चमू करायचे आणि प्रत्येक चमूत एक तरी साठीच्या पुढचं माणूस हवंच. चिठ्ठीवरचं कोडं सोडवायचं, ती जागा शोधायची, तिथे पुढची चिठ्ठी. त्या दिवसांत आंब्याला मोहोर असतो आणि चिकूही झाडावर लगडलेला असतो, त्यामुळे उरलेली झाडं ओळखायला सोपी जातात.

सुरुवात वीरगळांपासून, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांपासून करणार आहोत. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये एकसरच्या सहा वीरगळांचं वर्णन आहे. त्यांतले चार सुमारे दहा फूट उंचीचे, आणि सहांपैकी काहींवर वल्ह्यांच्या गलबतांची समुद्रातली लढाई कोरलेली. इतिहासाचे अभ्यासक ही शिल्पं बघायला येतात, ते या गलबतांसाठी. आम्हाला मात्र त्या नोंदीतल्या एका साध्या तपशिलाने धरून ठेवलं. हे दगड तळ्याच्या पश्चिम काठावर, आंबराईत उभे आहेत, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे 1867 ला आपल्या रेल्वेमार्गावर लोकल सुरू झाली, त्यानंतर पंधरा वर्षांनीही इथे आंबराई होती. तिची राखण कोण करायचं? आंबे कुठल्या बाजारात जायचे? हे गॅझेटियर सांगत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात ते माहीत असेल.

आमच्या गल्लीतली विहीर दोन वर्षांपूर्वी बुजवली. आदल्या दिवशी आम्ही काही जण बघायला गेलो होतो. काठाच्या दगडावर बोटभर खोल खाचा पडल्या होत्या, एकाला एक लागून. कितीतरी वर्षं दोर घासल्याशिवाय दगड असा झिजत नाही. एका आजींनी खाचेत बोट घातलं आणि म्हणाल्या, "ही डावीकडची आमची. सासूबाई उजव्या बाजूला कुणाला उभं राहू देत नसत." दुसऱ्या दिवशी ते दगड डेब्रिसच्या ट्रकमधून गेले. फोटो कुणीच काढला नव्हता, याची चुटपुट अजून जात नाही. खेळातलं पहिलं कोडं त्या विहिरीच्या आठवणीत लिहिलं आहे, उत्तर अर्थात दुसऱ्या विहिरीपाशी मिळेल:

पाणी आटलं, घागर गेली, आवाज नाही कोणाचा,
दगडावरती वण राहिला ओल्या दोराच्या काचाचा.

अशी वीस कोडी हवी आहेत. जुळली आहेत सात.

इथे तुमची मदत लागेल. झाडाचं वय बुंध्यावर लिहिलेलं नसतं, ते घरातल्या बोलण्यात असतं. "आत्याचं लग्न ठरलं त्या पावसात आजोबांनी हे कलम लावलं," एवढं कुणी सांगितलं आणि लग्नपत्रिका सापडली, की झाडाचं वर्ष हाती आलं. याचा उपयोग खेळापुरता नाही. वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 ला झालेल्या बदलानुसार 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. खेळात प्रत्येक चमू आपल्या झाडाचा घेर मोजेल, घरची माहिती लिहून घेईल, आणि ती यादी आम्ही महापालिकेच्या उद्यान विभागाला देणार आहोत. उद्या कुणी कुऱ्हाड घेऊन आलं, तर निदान कागद आपल्या हातात असेल.

तेव्हा वाडवळ, आगरी, कोळी, ईस्ट इंडियन, आणि नंतर चाळीत राहायला आलेल्या सगळ्या कुटुंबांना विनंती: माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा. वाडीतला फोटो, फळांच्या हिशेबाची वही, जुना सातबारा, खंडाची (जमिनीच्या भाड्याची) पावती, काहीही चालेल. वस्तू तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ, एक रात्रही ठेवून घेणार नाही. कुणाकडे मोडीतले कागद असतील आणि कुणाला मोडी वाचता येत असेल, तर या दोघांची गाठ घालून देणं हे आमचं काम. येणं जमत नसेल तर निरोप पाठवा, मुलं घरी येऊन आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करतील.

सोसायटीच्या सेक्रेटरींना वेगळी विनंती. तुमच्या आवारात जुनं झाड किंवा विहीर असेल, तर त्या रविवारी सकाळी 8 ते 12 मुलांना आत येऊ द्या. विहिरीला जाळी नसेल तर ती जागा आम्ही खेळातून वगळू. प्रत्येक चमूबरोबर आमचा एक कार्यकर्ता असेल.

पैशांचंही सांगतो. छपाई, मोजपट्ट्या, प्रथमोपचार, पाणी आणि मुलांचा नाश्ता मिळून 40,000 रुपयांचा अंदाज आहे. मुलांकडून प्रवेश शुल्क घ्यायचं नाही, हे समितीत एकमताने ठरलं आहे. 500 रुपयांत एका चमूची सोय होते. त्याहून कमी दिलंत तरी पावती मिळेल, आणि जमाखर्च फलकावर लागेल. पैसे देणं जमत नसेल तर बक्षिसासाठी चिकूचं किंवा जांभळाचं एखादं रोप द्या.

वाचनालय संध्याकाळी 5 ते 8 उघडं असतं, सोमवारी बंद. कागद आणि फोटो डिसेंबरअखेर मिळाले तर कोडी रचायला आम्हाला महिनाभर मिळेल. घरात नव्वदीच्या आसपासचं कुणी असेल, तर मात्र डिसेंबरची वाट बघू नका, याच आठवड्यात कळवा.

आपली,
वाचनालय समिती, एकसर