त्यांच्यावाचून कोणाचे काय अडले

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. ज्यांना कधी पाहिलेही नाही अशा माणसांच्या मृत्यूविषयी दिवसभर लिहून तुझे मन थकत नाही का, असे आईने विचारले आहे. आणि चार ओळींची निधनवार्ता छापून येतेच, मग त्यापलीकडे लिहिण्यासारखे काय उरते, असे बाबांनी. या दोन्ही प्रश्नांना फोनवर घाईघाईत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

बाबा, आधी तुमचा प्रश्न घेते. निधनवार्तेत नाव असते, वय असते, दिवस असतो आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांची मोजदाद असते. तिला मी कमी लेखत नाही. लंडनमध्ये १७३१ साली एडवर्ड केव्ह यांनी 'द जंटलमन्स मॅगझिन' सुरू केले, तेव्हापासून त्यात मृतांच्या याद्या छापल्या जात, आणि त्या याद्यांमुळेच त्या काळातल्या कितीतरी लोकांचा आज माग लागतो. पण यादीमुळे माणूस होऊन गेला एवढेच कळते, तो काय करत होता हे कळत नाही. बायकांच्या बाबतीत तर तेवढेही नाही. इंग्लंडमध्ये १८३७ पासून मृत्यूची सरकारी नोंद होऊ लागली. त्या नोंदवह्यांत विवाहित स्त्रीच्या व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक वेळा 'अमुक मजुराची पत्नी' एवढेच लिहिलेले सापडते, मग त्या बाईने आयुष्यभर गावातली बाळंतपणे का केलेली असेनात. हे फक्त जुन्या काळापुरते आहे असेही नाही. १८५१ पासूनच्या आपल्या मृत्युलेखांमध्ये गोऱ्या पुरुषांचेच प्राबल्य राहिले, अशी कबुली 'द न्यू यॉर्क टाइम्स'ने २०१८ साली दिली आणि राहून गेलेल्या स्त्रियांवर नव्याने लेख लिहायला घेतले. एवढ्या मोठ्या वृत्तपत्राकडून नामवंत स्त्रिया राहून जात असतील, तर लहान गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची नोंद कोण ठेवणार?

लहान गावाचे म्हणून एक वेगळेपण असते आणि मला या कामाची ओढ त्यामुळेच लागली. मोठ्या शहरात एका कामाला दहा माणसे असतात. लहान गावात एकाच माणसाकडे दहा कामे असतात, आणि त्यांतली नऊ कोणत्याही कागदावर नसतात. पाणी सोडणारा माणूसच रात्री-अपरात्री आजाऱ्याला गाडीत घालून दवाखान्यात नेतो, वाचनालयाची किल्लीही त्याच्याचकडे असते, आणि जमिनीखालचा कोणता नळ कुठून कुठे गेला आहे याचा नकाशा त्याच्या डोक्यातच असतो. तो गेला की निधनवार्तेत पत्नी, मुले, सुना आणि नातवंडे येतात, नकाशा येत नाही.

अशाच एका गृहस्थांविषयी लिहिताना माझ्या हातून चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही.

ते पंपघरावर कामाला होते. त्यांच्या मुलाने मला फोनवर सांगितले की वडिलांनी उभ्या आयुष्यात एकही दिवस रजा घेतली नाही, आणि मी ते तसेच्या तसे लिहिले. महिनाभराने त्याने पंपघराची एक जुनी नोंदवही पाठवली. लांबट, कापडी पाठीची ती वही आहे. पाने तेलकट बोटांनी उलटून कोपऱ्याशी काळी आणि मऊ पडली आहेत. रोजची तारीख, पंप सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि टाकीतली पाण्याची पातळी असे चार रकाने आहेत, आणि 'पहाटे ३ वाजता वॉल्व्ह बदलला' यासारखी एखादी ओळ समासात तिरपी लिहिलेली आहे. वही चाळताना एका पावसाळ्यात सलग नऊ दिवसांच्या नोंदी दुसऱ्याच अक्षरात दिसल्या. मुलाने सांगितलेली गोष्ट खोटी होती आणि मी ती छापली होती, या विचाराने मला फार वाईट वाटले. मग त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका वृद्ध सहकाऱ्यांचा शोध घेतला. ते म्हणाले की शेजारच्या गावाचा पंप पुरात बुडाला होता, तो खोलून, वाळवून पुन्हा चालू करायला हे तिकडे गेले होते. नऊ दिवस तिथेच राहिले, आणि मूल लहान होते म्हणून त्याला ते ठाऊक नव्हते. मी दुरुस्ती लिहिली. 'रजा घेतली नाही' हे वाक्य काढले आणि त्या जागी नऊ दिवसांची हकिगत घातली. पहिले वाक्य कोणाही कष्टाळू माणसाविषयी लिहिता आले असते. ते नऊ दिवस मात्र त्यांचे एकट्याचेच होते.

तेव्हापासून, गेलेल्या माणसाविषयी आपल्या कानावर येणारी पहिली गोष्ट पुष्कळदा चुकीची असते, आणि ती नीट करणे हाच आदर आहे, असे मी मानते. याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या लहानशा गावचे आहे. तिथल्या 'एम्पोरिया गॅझेट' या वृत्तपत्राचे संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांची सोळा वर्षांची मुलगी मेरी १३ मे १९२१ रोजी गेली. ती शाळेतून आल्यावर घोड्यावरून रपेट करत होती. ओळखीच्या कोणाला तरी हात हलवत असताना झाडाची खाली आलेली फांदी तिच्या डोक्याला लागली. बाहेरगावच्या बातम्यांत मात्र ती घोड्यावरून पडून मेली असे आले. चार दिवसांनी, १७ मे रोजी, वडिलांनी तिच्यावर संपादकीय लिहिले आणि सुरुवातच ही बातमी दुरुस्त करण्यापासून केली, कारण आपण घोड्यावरून पडलो हे मेरीने कधीच कबूल केले नसते. पोटची मुलगी गेल्यावर चौथ्या दिवशी एवढ्या बारकाव्याची काळजी घ्यायला किती बळ लागले असेल, याचा मी अनेकदा विचार करते. पुढे त्यांनी तिचे गुण फारसे वर्णिलेले नाहीत. तिने काय काय केले ते सांगितले आहे. जिल्ह्याच्या निराधारगृहातल्या गरिबांना सणाचे जेवण मिळावे म्हणून तिने केलेली खटपट त्यात आहे, आणि शाळेत कृष्णवर्णीय मुलींसाठी विश्रांतीची खोली असावी म्हणून तिने धरलेला आग्रहही आहे. शंभर वर्षे उलटली तरी ती मुलगी आपल्यापुढे उभी राहते, ती यामुळेच.

म्हणून मी आता 'ते कसे होते?' असे कोणालाच विचारत नाही. या प्रश्नाला 'फार चांगले होते, मनमिळाऊ होते' याखेरीज उत्तर येत नाही, आणि दुःखात असलेल्या माणसाकडून वेगळ्या उत्तराची अपेक्षा करणेही बरोबर नाही. मी विचारते, सकाळी उठल्यावर ते पहिल्यांदा काय करत असत? त्यांच्या हातात नेहमी कोणती वस्तू असे? आणि सर्वांत शेवटी, त्यांच्यावाचून आता कोणाचे काय अडले आहे? या शेवटच्या प्रश्नावर घरची माणसे थोडा वेळ गप्प होतात आणि मग जे सांगतात, ते बहुतेक वेळा लिहिण्यासारखे असते. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंविषयी हाच प्रश्न विचारला तेव्हा शेजारीण म्हणाली, "आता मुलांचे कपडे वर्षभरातच आखूड होतील." मला उलगडा होईना, तेव्हा तिने घरातला एक जुना फ्रॉक उलटा करून त्याचे फोटो पाठवले. आतल्या बाजूने शिवणीला दोन्हीकडे चांगली दोन-दोन बोटे माया सोडलेली होती आणि खालची दुमड तर चार बोटांची होती. दोनदा उसवून पुन्हा घातलेल्या टाक्यांच्या पुसट रेघाही दिसत होत्या. ज्या घरात दरवर्षी नवे कपडे घेणे परवडत नाही, तिथल्या मुलांचे कपडे त्या असेच शिवत आणि पुढच्या वर्षी उसवून पैसे न घेता वाढवून देत. मी त्यांच्याविषयी 'मायाळू' हा शब्द वापरला नाही. त्यांनी सोडलेल्या मायेचे माप तेवढे लिहिले.

या कामात उशीर करून चालत नाही. महिन्या-दोन महिन्यांत घर आवरले जाते, वह्या रद्दीत जातात आणि कपडे कोणाला तरी देऊन टाकले जातात. शिवाय एकेका माणसाकडे आठवणीचा एकेक तुकडाच असतो. वयस्कर माणसांना आपल्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी सर्वांत दाट आठवतात, असे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार दिसून आले आहे. त्यामुळे गेलेल्या माणसाचे तरुणपण त्याच्या समवयस्कांकडेच शाबूत असते, आणि मुलांना बहुधा त्याचा थकलेला उत्तरार्ध तेवढा ठाऊक असतो. समवयस्कांकडे वेळ थोडा असतो. मी भेट ठरवली आणि त्याआधीच ते गेले, असे माझ्या बाबतीत दोनदा घडले आहे, आणि त्या दोन्ही वेळचे नुकसान भरून आलेले नाही.

नोंद ठेवणाऱ्या जागाही कमी होत चालल्या आहेत. एकट्या अमेरिकेत २००५ पासून ३,२०० हून अधिक वृत्तपत्रे बंद पडली, असे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे, आणि त्यांत बहुसंख्य साप्ताहिके आहेत, म्हणजे ज्या पानावर गावच्या पंपवाल्याविषयी कोणीतरी दोन परिच्छेद लिहिले असते, नेमके तेच पान गेले. दुसरीकडे सामान्य माणसांसाठी कष्ट घेणारेही झाले आहेत आणि त्यांच्याकडे पाहून मला धीर येतो. जिम निकोल्सन यांनी १९८० च्या दशकापासून 'फिलाडेल्फिया डेली न्यूज'मध्ये नावलौकिक नसलेल्या माणसांचे मृत्युलेख वर्षानुवर्षे लिहिले. 'स्टोरीकॉर्प्स' ही संस्था २००३ पासून जिवंतपणीच दोन आप्तांना समोरासमोर बसवून सुमारे चाळीस मिनिटांचा संवाद ध्वनिमुद्रित करते, आणि संमती असलेली ध्वनिमुद्रणे अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये जतन होतात. चाळीस मिनिटे म्हणजे काहीच नव्हे, पण चार ओळींच्या मानाने खूपच झाली.

अवघड प्रसंगही येतात. गेलेला माणूस तापट असतो, व्यसनी असतो, कोणाचे पैसे बुडवून गेलेला असतो, आणि लहान गावात ही गोष्ट सर्वांना माहीत असते. अशा वेळी जे घरातले आहे ते मी घरातच राहू देते. पण त्याच्या उलट, खोटे असे काही लिहून देत नाही, मग कुटुंबाने कितीही विनवणी केली तरी. ज्याने मुलांना कधी जवळ घेतले नाही, त्याला 'प्रेमळ पिता' म्हटले तर ते वाचून सर्वांत जास्त दुखावतात ती त्याची मुलेच.

आई, तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की मी थकते. पण लिहून थकवा येत नाही. ज्यांच्याविषयी कोणाला काही विचारताच आले नाही, त्या नावांनी थकवा येतो. त्या पंपघराच्या वहीचे शेवटचे पान मी अनेकदा उघडून पाहते. शेवटच्या दिवशीही पाण्याची पातळी त्याच नेटक्या आकड्यांत लिहिलेली आहे, आणि ते पाहिल्यावर पुन्हा फोन उचलावासा वाटतो.

बाबा, तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत तुमचे जुने स्नेही, टपाल वाटणारे काका गेल्याचे तुम्ही लिहिले आहे आणि पुढे 'सज्जन माणूस होता' एवढेच म्हटले आहे. मला तेवढ्याने समाधान झाले नाही. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना ते दारात उभे राहून पत्र वाचून दाखवत, असे तुम्ही मी लहान असताना एकदा बोलून गेला होता. वाईट बातमीचे पत्र असले तर ते काय करत? सगळे वाचत, की आधी घरातल्या कोणाला तरी बाजूला बोलावत? हे त्यांच्या मुलांना माहीत असण्याचा संभव कमी आहे. त्यांच्याबरोबर टपाल वाटणारे दुसरे काका अजून आहेत ना, त्यांना आधी विचारा. आई, ज्या घरी ते अशी पत्रे वाचत त्यांतल्या एखाद्या घरच्या बाईंशी तुझी ओळख असेल, तर त्यांना तू विचार. त्या तुझ्याशी अधिक मोकळेपणाने बोलतील. रविवारी सकाळी मी फोन करते, तेव्हा वही-पेन जवळ असू द्या.

तुमची,
लेक