बांधावरच्या खडीबद्दल बांधकाममंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाणथळ जमिनीच्या, बांधावरचा रस्ता पावसाळ्याआधी होईल, असं आपण गेल्या वर्षी जाहीर सभेत सांगितलं होतं. पाणी मारून रोलरने दाबलेली बारीक खडी, मोटारींना बंदी, पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना मुभा. मी त्या सभेला होते. आपलं बोलणं वहीत उतरवून घेतलं आणि मनापासून टाळ्या वाजवल्या. तो रस्ता आता कागदोपत्री पूर्ण झाला आहे, आणि मी हे पत्र एका हाताने, एकेक अक्षर शोधत लिहिते आहे. माझ्या डाव्या कॉलरबोनचे तीन तुकडे झाले. आत धातूची पट्टी आणि सात स्क्रू आहेत.

घडलं ते सांगते. मी सायकलवर होते, सकाळची ओहोटी होती, वारा पाठीवर होता. उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या, अलीकडे जुना मुरूम संपला आणि नवी खडी सुरू झाली. पुढचं चाक तिच्यात शिरलं तसं हँडल हातातल्या हातात वळलं. ब्रेक दाबायला वेळच मिळाला नाही. टायरखालून निसटलेला एक दगड सायकलच्या नळीवर खणकन आपटला आणि मी खांद्यावर पडले. पडल्या पडल्या डोळ्यांसमोर फक्त खडी होती. दगडांमध्ये कचही, म्हणजे दगडाचा बारीक भुगाही, नव्हती. फटींतून थेट खालचा गाळ दिसत होता. एका फटीतून नखाएवढा खेकडा वर आला, थांबला आणि परत आत गेला. तेवढा वेळ मी हलले नव्हते.

ओहोटीला मासे पकडायला आलेल्या दोघांनी मला उठवून बसवलं. रुग्णवाहिका बांधावर येऊ शकली नाही, कारण टोकाच्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली ठेकेदाराकडे. हात छातीशी धरून मी दोन किलोमीटर चालत बाहेर आले. त्यानंतर सहा आठवडे आडवं झोपता आलं नाही, खुर्चीत बसून रात्र काढावी लागे. मुलगी केस विंचरून द्यायची, तीच बुटांच्या नाड्या बांधायची. साधा पेला डाव्या हाताने उचलला तरी पहिल्या महिन्यात डोळ्यांत पाणी यायचं. आपल्या खात्याला तीन अर्ज केले. एका अर्जाला उत्तर आलं: काम मापदंडाप्रमाणे पूर्ण झाले आहे.

कुठल्या मापदंडाप्रमाणे? मी पुन्हा तिथे गेले, चालत. दहा दगड उचलून पट्टीने मोजले. एकही ५० मिलिमीटरपेक्षा लहान नव्हता, सर्वांत मोठा ६८ चा निघाला. माझ्या सायकलचा टायर ४२ मिलिमीटर रुंद आहे. माझ्यासारख्या, कच्च्या रस्त्यांसाठीच्या ग्रॅव्हल सायकलचे टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटरचे असतात, त्यांत हवा कमी ठेवतात, म्हणजे टायर जमिनीवर पसरतो आणि पकड देतो. पण पकड घ्यायला खाली स्थिर काही तरी हवं. टायरपेक्षा मोठा, सुटा, टोकदार दगड चाकाखाली आला की तो फिरतो आणि चाकालाही सोबत फिरवतो. हे काही नवं ज्ञान नाही. जॉन मॅकॲडम नावाचा स्कॉटिश माणूस १८१६ पासून ब्रिस्टॉलच्या रस्त्यांवर याच गोष्टीसाठी भांडत होता. वरच्या थरातला दगड दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, कारण गाडीच्या लोखंडी धावेची रुंदी दहा सेंटिमीटर, आणि दगड धावेपेक्षा पुष्कळ लहान असला तरच चाकाच्या वजनाने घट्ट बसतो. लहानमोठे दगड एकमेकांत अडकले, फटींत कच भरली, मध्ये उंच आणि कडेला उतरता आकार दिला, की पाणी निघून जातं आणि रस्ता वापराने आणखी पक्का होतो. घोडागाड्यांच्या काळातल्या माणसाला चाकाची रुंदी मोजावीशी वाटली. तुमच्या अभियंत्यांना वाटली नाही.

सपाट जागेत सायकल चालवणं म्हणजे मौज, चढ नाही की घाट नाही, असं मला आपल्या खात्याच्या कार्यालयात ऐकवलं गेलं. ज्यांनी एकदाही चालवली नाही तेच असं बोलू शकतात. घाटात चढ संपला की उतार मिळतो, पाय थांबवता येतात. खाजणात पाय थांबत नाहीत. ऐंशी किलोमीटर म्हणजे ऐंशी किलोमीटर पायडल मारायचं. वरून वारा. समोरच्या हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो, आणि उघड्या बांधावर आडोशाला एक झाड नसतं. खाऱ्या चिखलाने चेन दोन दिवसांत तांबूस होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याला लागतं, म्हणून निघण्याआधी भरतीच्या वेळा पाहाव्या लागतात. हे सगळं मी आनंदाने सोसते. का, ते तुम्हाला कळावं अशी माझी फार इच्छा आहे. दोन्ही बाजूंना पाणी, क्षितिजापर्यंत एकही भिंत नाही, ओहोटीला गाळातून येणारा बारीक चुटचुट आवाज, आणि आपण त्या सगळ्याच्या मधोमध स्वतःच्या बळावर पुढे जातो आहोत. नोकरीत, घरात, रांगेत कुठेच मला इतकं मोकळं वाटत नाही. ते तुम्ही माझ्याकडून काढून घेतलं.

आता पक्ष्यांचं कारण पुढे केलं जातं. पाणथळ जागेत सायकली नकोत, पक्षी बिचकतात. पक्षी बिचकतात हे खरं आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गॉडविट जातीच्या एका लहानशा स्थलांतरित पाणपक्ष्याने अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अंतर कुठेही न उतरता ११ दिवसांत पार केलं. असे पक्षी थकून गाळावर उतरतात, भरतीच्या वेळी कोरडी जागा शोधून विसावतात. तेवढे तास, तेवढे महिने तो पट्टा बंद ठेवा. फलक लावा, मी मागे फिरेन. पण याच बांधावर खडीचे डंपर दिवसभर धावत होते. एका दुपारी मी स्वतः बारा मोजले. माझ्या हिशोबाने एकूण दोनशे तरी गेले असतील. तेव्हा पक्ष्यांची आठवण कुणाला झाली? २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर इथे पाणथळ जागांबद्दल झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातसुद्धा पाणथळ जागांना कुलूप लावा असं म्हटलेलं नाही, त्यांचा सुज्ञ वापर करा असं म्हटलं आहे. युरोपात जर्मनी आणि नेदरलँड्समधला वाडन समुद्राचा किनारा २००९ पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या बांधांवर मेंढ्या चरतात, त्यांच्याच शेजारून माणसं सायकलने जातात, आणि पक्षीही येतात.

मंत्री महोदय, माझं भांडण आता एका बांधापुरतं उरलेलं नाही. या व्यवस्थेला दोनच गोष्टी करता येतात: एखादी जागा सोडून देणं किंवा तिच्यावर काही तरी ओतणं. किती टन ओतलं ते बिलात लिहिता येतं. किती हळुवारपणे दाबलं, कुठे हात लावला नाही, ते लिहायला बिलात रकानाच नाही. म्हणून कच मागितली की खडी येते, आणि खडीबद्दल तक्रार केली की काँक्रीटचा प्रस्ताव येतो. मला तो प्रस्ताव दाखवला गेला आहे. काँक्रीट आलं की मोटारी येतील, मोटारी आल्या की दिवे येतील, आणि मग खाजण उरणार नाही. आम्ही कमी मागतो आहोत, कमी खर्चाचं मागतो आहोत, आणि तेच तुमच्या यंत्रणेला सर्वांत अवघड जातं. ज्याने हा रस्ता मंजूर केला तो त्यावरून एकदा तरी चालला होता का, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

आणि इतकंच करा. वरची मोठी खडी उचला, २० मिलिमीटरच्या आतली खडी आणि भरपूर कच घाला, पाणी मारून दाबा. डांबर नको, दिवे नकोत. फाटकाला सायकल आणि स्ट्रेचर जाईल एवढी फट ठेवा.

हे सगळं एकदम जमणार नसेल तर उघाडीजवळच्या शंभर मीटरपासून सुरुवात करा, पुढच्या उधाणाच्या आत. मला ज्यांनी उठवलं ते दोघं पहाटे अंधारात तिथूनच येतात, डोक्यावर टोपली घेऊन, अनवाणी.

आपली,
त्या बांधावरची एक सायकलस्वार