मेणबत्ती आणि दहा रुपयांचा स्टॅम्प

दादर, २० नोव्हेंबर

प्रिय अविनाश,

२६ तारखेला गेटवेवर मेणबत्ती लावायला येतोस का, असं विचारलंस. येईन. पण त्या गर्दीविषयी मनात एक अढी आहे, ती तुझ्याशी नाही तर कोणाशी बोलू?

२६/११ च्या हल्ल्यानंतर, ३ डिसेंबर २००८ ला, तिथे हजारो माणसं जमली. राग खोटा नव्हता. १६६ जीव गेले होते आणि दिल्लीजवळच्या मानेसरहून निघालेले एनएसजीचे कमांडो पोचेपर्यंत सकाळ उजाडली होती. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख, तिघांच्या खुर्च्या गेल्या. पुढे ३० एप्रिलला लोकसभेचं मतदान आलं, तर दक्षिण मुंबईत जेमतेम ४० टक्के लोक घराबाहेर पडले. गुरुवार होता, शुक्रवारी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. राग लोणावळ्याला गेला असणार!

आणि सगळे कॅमेरे ताजकडे. सीएसटीवर पन्नासहून अधिक माणसं मेली, बहुतेक लांबच्या गाडीची वाट बघत बसलेली. रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे माइकवरून लोकांना मागच्या बाजूने बाहेर काढत राहिले म्हणून आकडा तिथेच थांबला. मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना जागा द्यायला साफ नकार दिला. हा राग मला गेटवेवरच्या घोषणांपेक्षा नेमका वाटतो.

त्याहून नेमका विनिता कामटे यांचा, म्हणजे अशोक कामटे यांच्या पत्नीचा. कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत पोलीस अधिकारी करकरे, कामटे, साळसकर पडले, तेव्हा नियंत्रण कक्षात कोणता निरोप किती वाजता आला, हे त्यांनी माहितीच्या अधिकारात मागितलं आणि झगडून मिळवलं. घोषणेला उत्तर द्यावं लागत नाही, अर्जाला तीस दिवसांत द्यावं लागतं.

म्हणून तूही एक अर्ज टाक. हल्लेखोर समुद्रातून आले, तेव्हा गस्ती बोटींचंच विचार. जोडपत्र ‘अ’चा नमुना घे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. आपल्या राज्यात मजकूर दीडशे शब्दांत बसवावा लागतो आणि विषयही एकच. लोक चुकतात ते इथे: ‘बोटी बंद का पडल्या? जबाबदार कोण?’ असं लिहितात. ‘का’चं उत्तर कागदावर नसतं, आणि कागदावर नाही ते द्यायला अधिकारी बांधील नाही. किती बोटी घेतल्या, कोणत्या तारखेला, गेल्या वर्षी प्रत्येक बोट किती दिवस दुरुस्तीत होती, इंधनावर खर्च किती, एवढंच माग. लॉगबुकच्या प्रती माग, पानाला दोन रुपये पडतात. बोटी कुठे आणि कधी गस्त घालतात हे मात्र विचारू नकोस. सुरक्षेचं कलम ८ पुढे करून अख्खा अर्ज फेटाळतील.

महिन्यात उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, तेही तीस दिवसांच्या आत. बहुतेकांचा दम इथेच सुटतो. अर्ज देताना पोचेवर शिक्का-तारीख घेतलेली नसते, मग मुदत कधी संपली हेच सिद्ध होत नाही. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

मसुदा पाठव, शब्द मी मोजतो. २६ ला आधी सीएसटीवर भेटू, सहाला. गेटवेला मग चालत जाऊ.

तुझा,
सुहास