अ‍ॅट्रोपॉस, सटवाई आणि सुईतलं औषध

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत ग्रीक देवदेवतांवरचा लेख वाचला. झ्यूस, अपोलो, हर्क्युलस सगळे भेटले. पण ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून तीस वर्षं ज्यांची नावं रोज माझ्या तोंडी होती, ती लहान मंडळी त्यात कुठंच नव्हती. म्हणून हे पत्र.

खरिपात कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्याकडं जीप भरून पेशंट येत. तोंडाला फेस, अंग घामानं निथळलेलं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. आमच्या भागात कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतात, त्यामुळं ‘औषध लागलं’ एवढं ऐकलं की मी या विषावर उतारा असलेल्या अ‍ॅट्रोपीनचा खोका काढून ठेवी. एक अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, 0.6 मिलिग्रॅमची. एकदोनानं भागत नसे. छातीतली घरघर थांबेपर्यंत देत राहावं लागे. एका पोरासाठी रात्रभरात साठच्या वर अँप्यूल फोडल्या. पहाटे त्याचं तोंड कोरडं पडलं आणि त्यानं पाणी मागितलं. तो शब्द ऐकून त्याची माय तिथंच फरशीवर बसली.

त्या औषधाचं नाव कुणाचं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. ग्रीकांच्या तीन भाग्यदेवी. क्लोथो आयुष्याचं सूत कातते, लॅकेसिस ते मापते आणि तिसरी, अ‍ॅट्रोपॉस, ते कापते. अ‍ॅट्रोपॉस म्हणजे जिला वळवता येत नाही ती. आपला ‘अटळ’ हा शब्द त्याच घडणीचा, पुढचा ‘अ’सुद्धा तसाच नकाराचा. 1753 साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं युरोपातल्या एका विषारी झुडपाला ‘अ‍ॅट्रोपा’ हे नाव दिलं, आणि त्यातून पुढं निघालेलं द्रव्य ते अ‍ॅट्रोपीन. औंढ्याला नागनाथाला आपण वाहतो त्या धोतऱ्यातही ते असतं. सूत कापणारीच्या नावाचं औषध आम्ही रात्र रात्र सूत तुटू नये म्हणून टोचत होतो, आणि ती कोण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मेलिअ‍ॅगर हा ग्रीक कथेतला वीर सात दिवसांचा असताना या तिघी त्याच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, चुलीतलं हे लाकूड जळून संपेल त्या दिवशी हा मरेल. आईनं लाकूड ओढून विझवलं, पेटीत दडवलं. पुढं मोठा झाल्यावर त्यानं आपल्या मामांनाच मारलं, तेव्हा त्याच आईनं ते लाकूड काढून विस्तवात टाकलं. ही गोष्ट घरी सांगितली तर आमच्या मंडळी लगेच म्हणाल्या, “ही तर सटवाईच की!” खरंच आहे. पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून लेकराच्या कपाळी लिहायला आपण जिची वाट बघतो, ती हीच. तीही मोठ्या देवळांतली देवी नव्हे. पण तिच्या नावाचे सटवाजी आमच्याकडं गावोगाव आहेत.

बाकीचीही अशीच. मेडिकलच्या पाटीवर वाटी आणि साप असतो, ती वाटी ग्रीकांच्या आरोग्यदेवीची, हायजियाची. ‘हायजीन’ हा शब्द तिचाच. पॅन देवापासून पळता पळता सिरिंक्स नावाची अप्सरा नदीकाठचा बोरू झाली; पोकळ नळीचा तो शब्द फिरत फिरत आपल्या सिरिंजपर्यंत आला.

माझी नात लातूरला नीटची तयारी करते. आवर्तसारणी पाठ करताना नायोबियम आणि टँटलम यांत तिचा हमखास गोंधळ व्हायचा. मी तिला ग्रीक कथेतला टँटलस सांगितला. हनुवटीपर्यंत पाण्यात उभा, पण ओठ टेकवायला गेला की पाणी ओसरतं. 1802 मध्ये एकेबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला जो धातू सापडला, त्याचं संयुग आम्लात बुडवलं तरी आम्ल घेईना, म्हणून त्याला टँटलम म्हटलं. नायोबी ही टँटलसची लेक. 1844 मध्ये हाइनरिश रोझेनं टँटलमसोबत सापडणाऱ्या धातूला तिचं नाव दिलं. सारणीत लेक 41 वर आणि बरोबर तिच्या खाली बाप 73 वर. नात आता चुकत नाही. मराठी माध्यमातल्या लेकरांना हे शब्द दगडासारखे वाटतात, कारण त्यांच्यामागचं माणूस कुणी दाखवतच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या विद्यार्थी पानावर दर आठवड्याला अशा एका शब्दाची गोष्ट द्यावी, ही विनंती. सुरुवात अ‍ॅट्रोपीनपासून करावी आणि ती फवारणी सुरू व्हायच्या आधी छापावी. सोबत चौकटीत एवढं द्यावं: विषबाधा वाटली तर भिजलेले कपडे लगेच काढा, अंग साबणानं धुवा, घरगुती उपायांत वेळ घालवू नका, आणि दवाखान्यात येताना औषधाची बाटली सोबत आणा.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता
ता. वसमत, जि. हिंगोली